शिक्षकांचं प्रशिक्षण एकदा शिवारात घ्या

प्रति,
बेळगाव आणि चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यांत शिक्षक प्रशिक्षणाची आखणी करणारे अधिकारी, डाएटमधील (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील) अधिव्याख्याते, बीआरपी (तालुक्याच्या साधनव्यक्ती) आणि सीआरपी (क्लस्टरच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, साधनव्यक्ती) यांस,

विषय: परिसर अध्ययनाचं प्रशिक्षण परिसरातच घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

परिसर अध्ययनाचं प्रशिक्षण आपल्याकडे खिडक्यांचे पडदे ओढून होतं. त्याशिवाय प्रोजेक्टरवरचं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण मी बसलेल्या एका प्रशिक्षणात भिंतीवर नदी, उपनदी आणि ओढा यांची चित्रं चालली होती आणि इमारतीच्या मागून खरा ओढा वाहत होता. चहाच्या सुट्टीत आम्ही सगळे त्याच्या काठावर उभे राहून चहा प्यालो आणि आत येऊन ओढ्याविषयी टिपणं उतरवून घेतली.

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवून निवृत्त झाले. आधी खानापूर तालुक्यात होते, मग बेळगाव तालुक्यात. आता नोटीस यायची भीती नाही म्हणून हे उघडपणे लिहिते आहे. नोकरीत असलेले पुष्कळजण हेच म्हणतात, फक्त स्टाफरूममध्ये म्हणतात.

मुलांना बाहेर न्या, आजूबाजूच्या गोष्टींतून शिकवा, हे सांगणाऱ्या कागदांची वानवा नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सगळ्या स्तरांवर सक्तीचं करायला सांगितलं. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पहिलंच तत्त्व आहे ते शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडण्याचं. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सांगितले आहेत. आपल्या राज्यात तर त्याच्या कितीतरी आधी, १९९०च्या दशकात, म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात नली-कली ही आनंदाने शिकण्याची पद्धत उभी राहिली, आणि ती उभी करण्यात शिक्षकांचाच हात होता. सगळं आहे. शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, तेवढं मात्र आम्हाला कुणी करून दाखवलेलं नाही. माझी मागणी त्या दहा मिनिटांची आहे.

शिक्षक बाहेर का पडत नाहीत? आळशी आहेत, असं म्हणून मोकळं होता येतं. पण मी पाहिलेली कारणं वेगळी आहेत. पहिलं कारण नावांचं. निपाणीकडची बाई बदली होऊन खानापूरच्या जंगलभागात येते. तंबाखूचा तरवा टाकण्यापासून पानं वाळवण्यापर्यंत सगळं तिला पाठ असतं. पण इथे समोर नाचणी, काजू, जांभा दगड आणि ओळख नसलेली शंभर झाडं. पोरं विचारतात, "बाई, हे कसलं झाड?" वर्गात उत्तर बाईंना ठाऊक असतं, शिवारात ते पोरांना ठाऊक असतं, आणि ही उलटापालट पेलायची कशी हे बीएड-डीएडला शिकवत नाहीत. मग बाई पुढच्या खेपेला फळ्यावरच झाड काढतात. फळ्यावरच्या झाडाचं नाव कुणी विचारत नाही.

प्रशिक्षणात शिकवायचंच असेल तर "मला नाही माहीत, कुणाला विचारू या?" हे वाक्य न कचरता म्हणायला शिकवा. विचारायला लांब जावं लागत नाही. अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, स्वयंपाक करणाऱ्या बायका शाळेतच असतात. पाऊस लागला की टाकळा कुठे उगवतो, कुर्डू कधी निबर होतो, कुठली आळंबी खायची आणि कुठलीला हात लावायचा नाही, हे त्यांच्याइतकं आमच्या एकाही पुस्तकाला माहीत नाही. मी एकदा दोघींना चौथीच्या वर्गात बोलावलं. एक लाजून दारातच उभी राहिली. दुसरीने मात्र टाकळ्याचं आख्खं झाड मुळासकट आणलं आणि पोरांना म्हणाली, "सांजच्याला ह्येची पानं बघा, मिटत्यात का न्हाई." दुसऱ्या दिवशी वर्गातली जवळजवळ सगळी पोरं बघून आली होती. घरचा अभ्यास इतक्या जणांनी केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

दुसरं कारण भीतीचं. पोरगं घसरलं, साप निघाला, तर जबाबदार कोण? आणि पालक. "पोरं शिकाय धाडल्यात, रान हिंडाय न्हवं," हे मी स्वतः ऐकलेलं आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

आधी जिल्ह्याकडे बघा. पाठ्यपुस्तक बेंगळुरूत तयार होतं, बिदरपासून चामराजनगरपर्यंत सगळ्यांना एकच. त्याला इलाज नाही. पण आपल्या एका जिल्ह्यातसुद्धा एक पुस्तक पुरत नाही. कणकुंबीला पाऊस सुरू झाला की आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. तिकडे अथणीला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही धरसोडीने. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. म्हादईही त्याच खानापूर तालुक्यात उगम पावते आणि पश्चिमेला वळून गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. जलविभाजक म्हणजे काय, हे शिकवायला देशात यापेक्षा सोयीची जागा सापडणं कठीण आहे. तिथली पोरं कळसा-भांडुराचं, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्याच्या योजनेचं, नाव टीव्हीवर रोज ऐकतात. दोन पावलांवरचं पाणी कुठल्या बाजूला उतरतं, हे त्यांना कुणी उभं राहून दाखवलेलं नसतं.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक वटवाघूळ राहतं. शास्त्राने १९१३ साली त्याला रॉटनचं नाव दिलं. ते जगात अगदी मोजक्या ठिकाणीच सापडलेलं आहे. भीमगड अभयारण्य जाहीर झालं २०११ साली, आणि त्यामागे या वटवाघळाचाही वाटा होता. गुहेत पोरं नेऊच नयेत, त्या जिवांना त्रास होतो. पण आसपासच्या शाळांतल्या किती शिक्षकांना हे वटवाघूळ माहीत आहे? त्यांच्या प्रशिक्षणात डोडो आणि पांढरा वाघ येऊन गेलेला असतो.

खानापूरची माती कौलांना आणि भांड्यांना चांगली, म्हणून तिथे खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आली. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. दोन्हीकडची माती एकेका बाटलीत पाण्यात घालून हलवून ठेवली तर तासाभरात वाळू खाली बसलेली दिसते आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळच राहते. यंत्र लागत नाही, खर्च नाही. दोन क्लस्टरच्या शिक्षकांनी बाटल्यांची अदलाबदल केली की झालं. हे बेंगळुरूहून येणार नाही, आणि खरं सांगायचं तर बेळगावहूनही येणार नाही. क्लस्टरमध्येच घडावं लागेल.

डाएट १९८६च्या शैक्षणिक धोरणातून आल्या त्या प्रशिक्षण राजधानीतून जिल्ह्यात यावं म्हणून. डीपीईपी ही जिल्हा प्राथमिक शिक्षणाची योजना राज्यातल्या ज्या जिल्ह्यांत पहिल्यांदा आली त्यांत बेळगाव होतं. त्या काळात क्लस्टर बैठकांना जिवंतपणा होता, हे माझ्या वयाच्या शिक्षकांना आठवत असेल. आता सीआरपी म्हणजे माहिती गोळा करणारा माणूस झाला आहे. आज संध्याकाळी पाचच्या आत अमुक तक्ता भरून पाठवा. बिचाऱ्याचाही दोष नाही, त्यालाही वरून तसेच फोन येतात.

तर प्रशिक्षण कसं असावं? मी एक पाठ जवळून सांगते, कारण नुसतं "कृतियुक्त" म्हटलं की सगळेच माना डोलावतात.

ओढ्याचा वेग मोजणं. पाऊस ओसरल्यावर, म्हणजे नोव्हेंबरात, पाणी घोट्याइतकं असताना. काठावर दोरीने १० मीटर मोजून दोन खुंट्या रोवायच्या. वरच्या खुंटीपाशी ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा पाण्यात सोडायचा, खालच्या खुंटीपाशी धरायचा, मधले सेकंद मोजायचे. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात पहिला तुकडा मुळांत अडकतो. दुसरा भोवऱ्यात फिरत बसतो. तिसरा पोहोचतो तेव्हा घड्याळवाला पोरगा खेकडा बघत असतो. मग एका गटाचे २१ सेकंद येतात, दुसऱ्याचे ३४, आणि प्रश्न येतो, "बाई, कुणाचं बरोबर?" ज्या शिक्षिकेने हे स्वतः केलेलं नाही ती इथे गडबडते आणि एक आकडा बरोबर ठरवून टाकते. जिने केलेलं आहे ती विचारते, तुम्ही तुकडा कुठे सोडलात, मधोमध की कडेला? मग पोरं पुन्हा सोडतात. मध्ये पाणी पळतं, कडेला रेंगाळतं, हे त्यांचं त्यांना कळतं, आणि सरासरी कशासाठी काढायची तेही. पाचवीच्या गणिताचा एक घटक आणि परिसराचा एक घटक एका सकाळी होतो. वेळ मात्र पाऊण तास लागतो, अर्धा नव्हे. तेही प्रशिक्षणात सांगा.

आता यातलं शिकवण्यासारखं काय आहे, ते ओढ्याच्या बाहेर आहे. पाच-पाचचे गट. प्रत्येकाला नेमून दिलेलं काम: सोडणारा, धरणारा, घड्याळवाला, लिहिणारा, आणि एकजण फक्त कुणी घोट्याच्या वर पाण्यात जात नाही ना हे बघणारा. निघण्याआधी वर्गातच प्रश्न सांगायचा, बाहेर गेल्यावर सांगितलेलं वाऱ्यावर जातं. परतल्यावर लगेच आकडे फळ्यावर लिहायचे, जेवणाच्या सुट्टीनंतर नव्हे. काम नसलेलं पोरगंच पळतं, हा साधा नियम आहे, आणि वीस शिक्षकांपैकी निम्म्यांना पोरं करून बाकीच्यांनी हा पाठ घेतला की तो पटतो. मोठी माणसं काठावर पोरांपेक्षा जास्त उंडारतात, हे त्यांनाच दिसू दे. पाठ फसला तर फसू दे, फसलेल्यावर बोलायला तासभर ठेवा.

चिकोडी बाजूला वेगळं करता येईल. ऑगस्ट २०१९च्या पुराच्या खुणा कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या गावांत अजून भिंतींवर आहेत. काही ठिकाणी २००५च्याही आहेत. टेप घेऊन त्यांची जमिनीपासून उंची मोजा, घराघरांत विचारा, गल्लीचा नकाशा काढा, कुठल्या घरात किती फूट पाणी होतं ते त्यावर मांडा. चढ-उतार म्हणजे काय हे पोरांना त्या नकाशावरून जितकं कळेल तितकं पुस्तकातल्या समोच्च रेषांवरून कळणार नाही. पण इथे एक सांभाळायचं आहे. वर्गात एखादं पोरगं असं असतं ज्याचं घर त्या पुरात पडलेलं असतं, आणि ते गप्प होतं. त्याच्या भिंतीपाशी वर्ग उभा करायचा की नाही, आधी त्याच्या आईशी बोलायचं का, हे पण शिक्षकाला कुणीतरी आधी सांगायला हवं. माझ्या मते आधी बोलावं, आणि ती नको म्हणाली तर ते घर सोडून द्यावं.

सावलीचंही सांगते. सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो: मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ९ ऑगस्टच्या आसपास. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असतं, म्हणजे सरकारने आणि वरुणराजाने मिळून हा पाठ बंद ठेवला आहे. पण जूनपासून मार्चपर्यंत दर महिन्याला एकदा मैदानात काठी रोवून दुपारची सावली मोजली, तर वर्षाअखेर पोरांच्या हातात स्वतः काढलेला आलेख असतो. शहरातल्या काँक्रीटच्या मैदानावरही हे होतं. शहरातल्या शिक्षकांनी "आमच्याकडे कुठे शिवार" म्हणू नये. किल्ल्याचा खंदक आहे, आत १२०४ सालची कमल बस्ती आहे, शहरात १९२४च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आहे. एवढ्या प्रतिनिधींना रोज किती पाणी लागलं असेल, याचं गणित सातवीला घालून बघा.

आता भाषेविषयी. सीमाभागात राहून हा विषय टाळता येत नाही. मराठी शाळांच्या शिक्षकांना प्रशिक्षणाचं साहित्य बऱ्याचदा कन्नडमध्ये हाती पडतं. मराठी प्रत मागून येते, किंवा आम्हीच शेजारच्या शाळेतल्या सरांना विचारत बसतो. भाषेच्या हक्कांविषयी माझी मतं ठाम आहेत, त्यासाठी वेगळं पत्र लिहीन. इथे फक्त एक व्यवहाराची गोष्ट. बांध, ओढा, धूळवाफ पेरणी, मळणी, हे ज्या भाषेत पोरं बोलतात त्याच भाषेत शिक्षकांशी बोललं गेलं नाही तर प्रशिक्षण अधांतरी राहील. मराठी शिक्षकांना ते मराठीतून मिळालंच पाहिजे. त्याच वेळी, पुष्कळ गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच मैदानाच्या दोन बाजूंना आहेत. त्यांचं शिवार एक आहे. मग दोन्ही शाळांचे शिक्षक एकत्र, दोन साधनव्यक्ती, दोन्ही भाषांत नोंदी, असं का होऊ नये? मराठी शाळेतली पोरं कन्नड शिकतातच. शेजारच्या वर्गाबरोबर झाडांची यादी केली तर तासात जे अडखळत वाचतात ते मैदानात भांडत-भांडत बोलतील.

या नोंदींसाठी प्रत्येक शाळेत एक जाड रजिस्टर ठेवा. गावचा ओढा कधी आटतो, धूळवाफ कुठल्या नक्षत्रावर होते, चिंचेवर बगळे कधी उतरतात, विहिरीला किती फुटांवर पाणी लागलं, कुणाला काय विचारावं. बाई बदलून जातील, रजिस्टर राहील. नव्या बाईंना पहिल्या आठवड्यात तेच वाचायला द्या. आज बदली झाली की शिक्षकाबरोबर गावाची सगळी ओळख एसटीत बसून जाते.

परवानगीचं आता सांगते. आज गावाबाहेरच्या टेकडीवर वर्ग न्यायचा म्हटलं तर ती सहल होते, आणि सहल म्हटली की अर्ज, संमतीपत्रं, वरच्या कार्यालयाची सही. चालत जाऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत येता येईल अशा अंतरावरचं बाहेर जाणं हा तासच समजावा, असं एक साधं पत्रक काढा. वर्षाच्या सुरुवातीला एसडीएमसीच्या (शाळा विकास समितीच्या) सभेत पालकांची संमती एकदाच घ्यावी, आणि निघताना रजिस्टरात वेळ, जागा, मुलांची संख्या लिहावी. खानापूरच्या पश्चिमेला कित्येक शाळा दोन शिक्षकी आहेत. तिथे एक वर्ग बाहेर काढला तर बाकीचे कोण बघणार, हा प्रश्न खरा आहे. अशा शाळांत सगळी पोरं एकदमच बाहेर काढावीत. पहिली ते तिसरी नली-कलीत एकत्र बसतातच, मोठी पोरं गटप्रमुख होतील.

आणि सापाचं. प्रशिक्षणात अर्धा तास तालुक्याच्या किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा. चावलेल्या जागी कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही, हातपाय हलू न देता थेट जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे तिथे न्यायचं. आपल्या शाळेपासून ती जागा कुठली, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवं. हे कळल्यावर पालकांशी बोलतानाही बळ येतं. खरं तर ही पोरं शाळेत येता-जाताना त्याच रानातून चालत येतात. शिक्षक बरोबर असताना ती जास्त सुरक्षित असतात, पण हे सांगायला शिक्षकाला स्वतःवर विश्वास लागतो.

खर्चाचा मुद्दा निघेल. हॉल नको, पीपीटी नको, छापील मॉड्यूल नको. लागेल ती ओओडी, म्हणजे शाळेबाहेरच्या कामाची धरलेली हजेरी, आणि ती दर महिन्याला अर्धा दिवस. सलग पाच दिवस बसवून उरकू नका. पाच दिवसांत ऋतू बदलत नाही.

वेळापत्रक आखताना मात्र सगळा जिल्हा एका तारखेला बांधू नका. जुलैमध्ये खानापूर, जांबोटी बाजूला पावसाने शाळाच बंद असतात. तेव्हा तिकडे कुणी बाहेर पडणार नाही. अथणी, रायबागला मात्र जुलै-ऑगस्ट चांगला, पेरण्या झालेल्या असतात आणि चालवतं. पश्चिम भागासाठी दसऱ्याच्या सुट्टीनंतरचे महिने ठेवा. पत्रक सुट्टीआधी हातात आलं तर भाताच्या सुगीत पहिला दिवस एखाद्या खळ्यावर घेता येईल: एका गुंठ्यात किती भात निघालं, किती गवत, किती कोंडा, सगळी वजनं तिथेच होतात. आमच्या गावात कुणाचं खळं मागायचं ते मी बघते, चहाही माझ्याकडे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
खानापूर तालुका